बाई क्रमांक चार

ता. ४ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, ते दर पत्रात नव्यानं लिहीत बसत नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, माझा चष्माच खोटं बोलतोय. इस्पितळाच्या लाँड्रीत राबलेल्या बायकांवर तू अभ्यास करणार. त्यांच्यापुढे टेपरेकॉर्डर ठेवणार, त्यांचं आयुष्य कॅसेटीत भरणार, आणि त्यावर लोक तुला डॉक्टर म्हणणार. चांगलं आहे. पण जिनं अख्खी उमर त्या लाँड्रीत घातली, जिच्या मांडीवर तू साबणाचा वास घेत झोपायचीस, ती बाई सोडून! का, तर म्हणे घरच्या माणसाची मुलाखत धरत नाहीत. तुझ्या कॉलेजातल्या बाईंना विचार, घरचं माणूस काय वेगळ्या पाण्यानं कपडे धुतं?

मी तर पलीकडच्या शिंपिणीला सांगूनही ठेवलं होतं, की दुपारची शिलाई बंद ठेव, आमच्याकडे रेकॉर्डिंग आहे. आता ती रोज भिंतीपलीकडून ओरडते, "झालं का हो रेकॉर्डिंग?" मी सांगते, मशीन बिघडलंय. तुझ्या शिक्षणापायी या वयात खोटं बोलायची पाळी आली.

कुणाकुणाला विचारतेयस ते तरी कळव. त्यातल्या निम्म्यांना तर मीच काम शिकवलंय.

तुझी न धरण्यासारखी आजी

*

ता. १५ फेब्रुवारी

प्रिय आजी,

तुझ्या पायांना नमस्कार, रागावलेल्या पायांना थोडा जास्तच.

नियम बाईंचा आहे, माझा नाही. त्या म्हणतात, घरचे लोक आपल्याला आवडेल तेच सांगतात, नाहीतर आवडणार नाही ते मुद्दाम सांगतात. मी त्यांना म्हटलं, माझी आजी दोन्ही एका वाक्यात सांगते. त्या हसल्या, पण नियम काही हलला नाही.

प्रबंधात कुणाचंच नाव येत नाही. सगळ्या बायकांना क्रमांक दिलेत. आत्ता मी जिच्याकडे जाते ती क्रमांक चार. तुझ्याच लाँड्रीत होती, मग या गावच्या इस्पितळात मुकादमीण म्हणून आली. भाच्याकडे राहते, त्याच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत. तास झाला की खालची सगळी घड्याळं एकामागून एक ठोके देतात आणि माझं रेकॉर्डिंग बोंबलतं. पण ही बाई ठोके सुरू झाले की बोट वर करते, गप्प बसते, आणि संपले की वाक्य जिथं सोडलं तिथूनच उचलते. इतकी उंच आहे की स्वतःच्या दारातून वाकून येते. टेपरेकॉर्डरखाली तिनंच टॉवेलची घडी घातली, टेबल थरथरू नये म्हणून. त्या यंत्राला ती "तुझा कान" म्हणते. "कान उघडलास का? मग बोलते."

तुमच्याकडे तर खूप बायका होत्या. तू ओळखत असशील का गं हिला?

तुझी भिंगरी

*

ता. २० फेब्रुवारी

चि. भिंगरी,

ओळखत असेन का, विचारतेस! दारातून वाकणारी, बोट वर करणारी. ती शिडी. तिला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही.

अगं, ती आणि मी जोडीला होतो. इस्त्रीच्या रुळातून चादर बाहेर पडायची ती तव्यासारखी तापलेली. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. झटका द्यायचा, ताणायची, दुमडायची, एकमेकींकडे चालत यायचं, तिची टोकं माझ्या हातात, की ती खाली वाकून घडीची कड उचलणार. दिवसभर. तुझ्या आजोबांच्या तोंडाकडे मी जेवढं बघितलं नसेल तेवढं तिच्या तोंडाकडे बघितलं. मग एक दिवस बाईसाहेब मुकादमीण झाल्या आणि गेल्या निघून. सांगितलंसुद्धा नाही. मी काही मनाला लावून घेतलं नाही. लाँड्रीत माणसं येतात, जातात. तिच्या जागी जी आली तिच्या हाताला घाम यायचा, एवढंच.

माझी चौकशी तिनं केलीच असेल. काय म्हणाली ते जसंच्या तसं लिही, गाळू नकोस. चांगलं असेल तर दोनदा लिही. आणि तू माझी नात म्हटल्यावर तिचं तोंड कसं झालं तेही लिही.

पण मी विचारलं असं सांगू नकोस. मला काही पडलेलं नाही.

आजी

*

ता. ६ मार्च

प्रिय आजी,

उत्तराला उशीर झाला. तासभराचं बोलणं कागदावर उतरवायला अख्खा दिवस जातो. थोडं ऐकायचं, थांबवायचं, लिहायचं, पुन्हा मागे न्यायचं. त्यात माझाच आवाज ऐकावा लागतो. बाई म्हणाल्या, तू फार मध्ये मध्ये बोलतेस, समोरची गप्प झाली तर गप्प राहायला शिक.

मी तुझी नात आहे हे तिला सांगितलेलं नाही. रागावू नकोस. सांगितलं तर ती तुला धरून बोलेल, माझं मन राखून बोलेल. म्हणून आडनावावरून विचारलं तेव्हा मी विषय बदलला. तुझ्याबद्दल म्हणशील, तर आमचं बोलणं अजून त्या काळापर्यंत आलेलं नाही.

म्हणजे, लाँड्रीबद्दल बोलते ती. भरपूर बोलते. परवा तिनं रुळाची गोष्ट सांगितली. नव्या मुलीची बाही रुळात गेली, सगळ्या किंचाळत उभ्या, आणि आजी भिंतीकडे धावली आणि तिनं लाल बटण दाबलं. सांगताना तिचा आवाज असा खाली गेला की कॅसेटची बाजू संपून खट्ट वाजलं तरी आम्हा दोघींना कळलं नाही. तेवढा तुकडा हुकलाच.

आजी म्हणजे क्रमांक चार. बाई बाई म्हटलं की ती अवघडायची, म्हणून मी आजी म्हणायला लागले. फार माया करते. माझ्या सदऱ्याचं बटण लोंबत होतं, ते बोलता बोलता शिवून टाकलं. टेपमध्ये दोरा तोडल्याचा आवाजसुद्धा आलाय.

तब्येत सांभाळ.

तुझी भिंगरी

*

ता. १० मार्च

भिंगरी,

चि. वगैरे आज नाही.

आजी! ती कधीपासून तुझी आजी झाली? तुला गोवर निघाला तेव्हा उशाशी ती बसली होती? तुझे दात मोजायला ती होती? बटण शिवलं म्हणे. तुझी बटणं मी शिवते. तुटलं तर पोस्टानं पाठवायचा सदरा, एवढं काय अडलं होतं! आणि बोलता बोलता सुई चालवली म्हणजे टाके लांब लांब घातले असणार. उसवून बघ.

आता रुळाचं. ती गोष्ट कुणाची? माझी! लाकडी दांडकं कुणी उचललं? मी. रूळ फिरवणाऱ्या पट्ट्यात घालून पट्टा कुणी पाडला? मी. त्या नव्या पोरीचा हात शाबूत राहिला तो कुणामुळे? ही गोष्ट मी तुला इतक्यांदा सांगितलीय की तू झोपेत म्हणून दाखवायचीस. आणि तीच गोष्ट त्या शिडीनं धुतली, इस्त्री केली आणि स्वतःच्या कपाटात ठेवली, आणि तू समोर बसून माना डोलावल्यास! बटण म्हणे. त्या बटणाला कोण विचारत होतं?

"अजून त्या काळापर्यंत आलेलं नाही." मला शेंड्या लावू नकोस. रुळापर्यंत आली आणि माझ्यापर्यंत आली नाही? रुळापासून माझ्यापर्यंत एका चादरीचं अंतर होतं.

आता असं कर. तिला सरळ विचार, चादरीचं दुसरं टोक कोण धरायचं? बघू काय सांगते. आणि ती सांगेल ते मला लिही, तुझ्या क्रमांकांची शपथ आहे तुला.

तुझी एकुलती एक आजी

*

ता. २७ मार्च

प्रिय आजी,

विचारलं. खरं तर असा प्रश्न मी विचारायला नको होता, पण विचारला.

तिनं टेपरेकॉर्डरखालच्या टॉवेलची घडी नीट केली, पुन्हा नीट केली. मी या वेळी मध्ये बोलले नाही. मग म्हणाली, "होती कुणीतरी. ठेंगणी होती." आणि बोट वर केलं. खाली ठोके पडत नव्हते.

तुला वाईट वाटणार हे माहीत होतं म्हणून इतके दिवस टाळत होते. सगळ्या कॅसेटी पुन्हा ऐकल्या. तुझं नाव कुठेच नाही.

पण आजी, एक बोलू का? रुळाची गोष्ट तू मला शंभरदा सांगितलीस. त्यात दांडकं होतं, पट्टा होता, किंचाळणाऱ्या बायका होत्या, मुकादमिणीची टोपीसुद्धा होती. तुझ्या समोर चादर धरून उभी असलेली उंच बाई कुठे होती? फेब्रुवारीत तू सांगितलंस तोवर मला शिडी नावाचं कुणी होतं हेच ठाऊक नव्हतं.

भिंगरी

*

ता. ३१ मार्च

भिंगरी,

मी गोष्ट सांगत होते, हजेरी घेत नव्हते.

मार्च संपला तरी इकडे पहाटे गारठा असतो. तुझ्यासाठी लोकरीचे मोजे विणलेत. तुझ्या खोलीवर दिवसा कुणी नसतं, पोस्टमन परत नेईल. त्या घड्याळवाल्याच्या दुकानाचा पत्ता कळव, तिथे पाठवते.

आजी

*

ता. ११ एप्रिल

शिडीस,

खुशालीचं तुझं तू बघ.

तुझ्याकडे कान घेऊन जी पोरगी येते ती माझी नात आहे. माझ्या मुलीची मुलगी. तिनं तुला सांगितलं नाही, कारण तिला शिकवलंच तसं आहे, तिचा दोष नाही. तू तिच्याकडून आजी म्हणवून घेतेस ते बंद कर. स्वतःला नातवंड नाही म्हणून दुसऱ्याचं वापरायला काढायचं हा कुठला न्याय?

दुसरं. पट्टा मी पाडला. तुला चांगलं माहीत आहे, तू पाच पावलांवर उभी होतीस. तिथे नुसतं उभं राहिल्याबद्दल आता तुझी कॅसेट निघते, आणि पट्टा पाडणारी "कुणीतरी"!

मला ठेंगणी म्हणालीस ते एक खरं बोललीस. न सांगता निघून गेलीस, ते मी कधी कुणाजवळ काढलं नाही. आता काढते.

या पाकिटात मोजे आहेत ते पोरीचे. तिला दे. मापानं तुला व्हायचे नाहीत.

लवंगी

*

ता. १९ एप्रिल

आजी,

मोजे मिळाले. त्यासोबत काय गेलं तेही कळलं.

आज गेले तर क्रमांक चारनं दार अर्धंच उघडलं. टॉवेलची घडी टेबलावर नव्हती. म्हणाली, "कान मिटून टाक पोरी. मी जे बोलले ते वापरायचं नाही." पहिल्या दिवशी मीच तिला वाचून दाखवलं होतं, की शेवटची सही करेपर्यंत केव्हाही नाही म्हणायचा हक्क तुमचा आहे. तेव्हा ती हसली होती. आज तिनं तेच वाक्य मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

आजी, माझ्या प्रबंधाची दोन प्रकरणं तिच्यावर उभी आहेत. बाकीच्या बायका "काम होतं, केलं" एवढंच सांगतात. ती सांगते की ओल्या चादरीचं ओझं खांद्याला कसं वेगळं लागतं. ते सगळं मी आता फेकून द्यायचं. मुदत जूनअखेरची आहे.

मी बाईंना खरं सांगितलं. रागावल्या, मग म्हणाल्या, तिची सही मिळत नसेल तर तिच्या जागी तुझ्या आजीची मुलाखत घेऊ, पण तू घ्यायची नाहीस, दुसरी विद्यार्थिनी घेईल. माझी मैत्रीण ७ मेला तुझ्याकडे येईल. तुला हवं होतं ते झालं. शिंपिणीला सांग.

मला आत्ता तुझ्याशी नीट बोलता येणार नाही.

भिंगरी

*

ता. २१ एप्रिल

लवंगी,

तुझं पत्र मिळालं. पाकिटावरचं तिकीटसुद्धा रागानं चिकटवलेलं होतं, वाकडं.

पोरगी तुझी आहे हे कळवायची गरज नव्हती. पहिल्याच दिवशी मी बोलता बोलता श्वास घ्यायला थांबले, तर ती मान तिरकी करून म्हणाली, "बरं, मग?" तसं "बरं, मग" मी आयुष्यात एकीच्याच तोंडून ऐकलंय. तिनं लपवलं, मी लपवू दिलं.

तुझं नाव का काढलं नाही म्हणतेस. ऐक. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या तुझ्याभोवती गोळा व्हायच्या. तू बोलायचीस, त्या हसायच्या, मी डबा खायचे. मला सांगायला काही नव्हतं असं नाही. पण मी तोंड उघडलं की माझं वाक्य तू पुरं करायचीस. आणि माझ्यापेक्षा झक्क करायचीस, तोच तर राग. या वयात पहिल्यांदा कुणी माझ्यासमोर मशीन ठेवलं आणि म्हणालं, तुम्ही बोला, आम्ही ऐकतो. तुझं नाव एकदा काढलं असतं, तर पोरीचे डोळे असे चमकले असते की पुढच्या सगळ्या कॅसेटी तुझ्या झाल्या असत्या. मला माझ्या हव्या होत्या.

पट्टा तू पाडलास. मी कधी नाही म्हटलं? पण पट्टा पडला तरी रूळ आपल्या वजनानं फिरत राहतो, हे तुलाही ठाऊक आहे. ब्रेकचं बटण मी दाबलं. तुझी पाठ होती माझ्याकडे. वळलीस तोवर रूळ थांबला होता, आणि तू ओरडलीस, "थांबवला!" सगळ्यांनी तुला उचलून धरलं. मी भिंतीपाशी बोट बटणावर ठेवून उभी. तेव्हा काय बोलणार होते?

न सांगता गेले नाही. चादर धरून सांगितलं होतं, पुढच्या महिन्यात जाते म्हणून. तू मुकादमिणीची नक्कल करत होतीस.

आता पोरीनं मला आजी म्हणायचं नाही ना, नको म्हणू दे. ती इकडे येणारच नाही. मी सही करणार नाही.

मोजे दिले. एक मोजा मोठा झालाय.

शिडी

*

ता. ९ मे

चि. भिंगरी,

तू चिडलीयेस ते कळलं. तुझ्या पत्रात यापूर्वी कधी 'प्रिय' राहून गेलं नव्हतं.

तुझी ती मैत्रीण आली होती, शिंकणारी. शिंपीण दुपारभर गप्प, एवढंच नाही तर भिंतीला कान लावून बसली असणार. मी चांगलं नेसून तयार. पोरीनं "एक, दोन, तीन" म्हणून मशीन तपासलं आणि सुरुवात केली. मी अशी काही बोलले म्हणून सांगू! साबण, मुकादमीण, तिची टोपी, रूळ, दांडकं, पट्टा. कॅसेटची एक बाजू अशी भरली की सांडायची बाकी. पोरगी हसून हसून शिंकायचीसुद्धा विसरली.

मग तिनं दुसरी बाजू लावली आणि विचारलं, "चादरीची घडी कशी घालायचात, ते सांगाल का?"

मी म्हटलं, यात सांगायचं काय. दोन टोकं मी धरते, झटका द्यायचा, ताणायची.

"आणि समोर?"

"समोर दुसरी."

"दुसरी कोण?"

तोंडात आलं होतं. अगदी जिभेच्या टोकावर. होती कुणीतरी. म्हणून टाकलं असतं तर फिट्टंफाट झाली असती. मी म्हटलं, मशीन बंद कर.

ती घाबरली. "आजी, काही दुखतंय का?" मी म्हटलं, मला आजी म्हणू नकोस, माझी आहे एक. आणि ऊठ, ही चादर धर, तोंडानं सांगून कळायचं नाही. धरली. झटका दिला तर तिच्या हातून दोन्ही टोकं सुटली, आणि ती चादरीत शिंकली. तेव्हा खरं सांगते, शिडीचा मला असा राग आला! इतकी वर्षं माझ्या समोर उभी राहून एकदाही टोक सोडलं नाही बयेनं, आणि त्यामुळे मला वाटत राहिलं की घडी मीच घालते.

माझी कॅसेट वापरायची नाही. हे तुझ्यासाठी नाही हो, उगाच गहिवरू नकोस. तिची काढून माझी घातली तर ती मरेपर्यंत म्हणणार, लवंगीनं जागा बळकावली. एवढं समाधान मी तिला देणार नाही.

तिच्या सहीचं माझ्यावर सोड.

आजी

*

ता. १० मे

शिडीस,

बटण तू दाबलंस. मी बघितलं नाही, म्हणून मान्य करत नाही. पण ऐकून घ्यायला तयार आहे.

तू तुझ्या कॅसेटी पोरीला दे. त्यात माझं नाव नाही ते तसंच राहू दे, पुसलेली पाटी पुन्हा लिहायला मी काही म्हणणार नाही. त्या तुझ्याच. आणखी एक कॅसेट दोघींची करायची. समोरासमोर बसून. तू तुझं सांगायचं, मी माझं, आणि जिथे खोटं वाटेल तिथे तिथल्या तिथे धरायचं. विचारायला तिची शिंकणारी मैत्रीण बसेल. आमच्या भिंगरीनं तोंड उघडायचं नाही, तसा नियम आहे.

तुझं वाक्य मी पुरं करणार नाही. एखाददुसरं झालं तर टेबलाखालून पाय दाब.

पोरीची दोन प्रकरणं तुझ्यावर अडलीयेत. माझ्यावर अडली असती तर मी केव्हाच लिहून दिलं असतं असं नाही, मीही छळलं असतं. पण जूनच्या आत सोडलं असतं.

लवंगी

*

ता. १८ मे

लवंगी,

ये.

मशीन माझ्याकडच्या बाजूला ठेवणार. तुझा आवाज रस्त्यापलीकडून ठेवला तरी येतो. जिना उभा आहे, भाचा हात देईल, निमूट धर. पडलीस तर तीही गोष्ट तूच सांगत बसशील. पोरगी माझ्या शेजारी बसेल, तुझी तर ती कायमचीच आहे.

पाय नाही दाबणार, पाय देणार.

सहीचं, तू कशी वागतेस ते बघून ठरवीन.

शिडी

*

ता. २३ मे

चि. भिंगरी,

शिडीचं कार्ड आलं. तयार झाली, पण तिचा भाव अजून उतरलेला नाही. पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीनं मी येते, तू स्टेशनवर ये. मैत्रिणीला सांग, सर्दीचं औषध घेऊनच बस. कॅसेटी जास्तीच्या आण, एकीत हे मिटणार नाही.

तिच्या शेजारी बसायचं ठरलंय म्हणे तुझं. बस. तोंड मात्र माझ्याकडे कर.

आणि नीट लक्षात ठेव. मी आल्या आल्या जिना चढणार नाही, खाली घड्याळवाल्याशी बोलत थांबते. तेवढ्यात तू वर जा, कागद पुढे कर आणि तिची सही घे. मगच मला हाक मार. मी एकदा बोलायला लागले की ती सही करायची नाही.

आजी